हृदयाच्या झडपा: ऐकणे, पाहणे आणि मोजणे



वसंतातल्या संध्याकाळी साहित्य, इतिहास, फार तर राजकारण ऐकावे या अपेक्षेने जमलेल्या मंडळींपुढे रोगाचा विषय काढणे थोडे औचित्य सोडून आहे, याची मला जाणीव आहे. पण विषय निवडताना मी एक साधा हिशेब केला. या मंडपात बसलेल्या कुटुंबांपैकी कितीतरी घरांत 'टू-डी इको' नावाचा एक कागद कपाटात पडलेला असेल. कुणाच्या वडिलांचा, कुणाच्या सुनेचा, कुणाचा स्वतःचा. त्या कागदासाठी पैसे मोजलेले असतात, त्यावर निर्णय झालेले असतात, कधीकधी छातीवर सुरीही चालवलेली असते. आणि घरातल्या एकालाही त्यातले अक्षर कळलेले नसते. जो कागद आपले भवितव्य ठरवतो तो आपल्याला वाचता येऊ नये, हे काही बरे नव्हे. म्हणून आज हृदयाच्या झडपा आणि त्या बाहेरून पाहण्याची विद्या, एवढ्यापुरतेच बोलणार आहे.

हृदय हा पंप आहे हे आपण शाळेत शिकलो. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाख ठोके होतात आणि प्रत्येक ठोक्याला चार झडपा उघडून मिटतात. मिनिटाला सुमारे पाच लिटर, म्हणजे दिवसाला सात हजार लिटर रक्त त्यांच्यातून एकाच दिशेने जाते. विहिरीवरच्या पंपाची झडप दोन वर्षांत झिजते. ही सत्तर-ऐंशी वर्षे चालते, आणि तिला तेलपाणी लागत नाही. आज चारांपैकी दोघींचाच विचार करू. पहिली, फुफ्फुसांतून आलेले शुद्ध रक्त डाव्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात सोडणारी. हिला दोन पाती असतात. बिशपच्या टोपीशी साम्य दिसले म्हणून तिला 'मायट्रल' म्हणू लागले. तिच्या पात्यांच्या कडा बारीक दोऱ्यांनी खालच्या स्नायूंना बांधलेल्या असतात. तंबूच्या ताणाच्या दोऱ्या डोळ्यांपुढे आणा. दुसरी, डाव्या खालच्या कप्प्यातून महारोहिणीत रक्त सोडणारी. तिला अर्धचंद्राकृती तीन पाती. मायट्रल झडप पूर्ण उघडली म्हणजे तिचे तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर होते, महारोहिणीच्या झडपेचे तीन ते चार.

झडपेला दोनच दुखणी. एक तर ती नीट उघडत नाही, किंवा नीट मिटत नाही, पुष्कळदा दोन्ही. पहिलीला आकसणे म्हणू, दुसरीला गळणे. दवाखान्यात रोगीही आता 'माझी झडप लीक आहे' असे सहज सांगतात, आणि शब्द अगदी बरोबर असतो.

या दुखण्यांची चाहूल प्रथम कानाला लागली. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या वैद्याने एका तरुण स्त्रीच्या छातीला थेट कान लावण्याच्या संकोचाने कागदाची घट्ट सुरळी केली, तिचे एक टोक छातीला व दुसरे कानाला लावले, आणि हृदयाचे ठोके त्याला पूर्वी कधी ऐकले नव्हते इतके स्पष्ट ऐकू आले. त्या सुरळीची पुढे लाकडी नळी झाली, आणि नळीचा आजचा स्टेथॉस्कोप. निरोगी झडप मिटल्याचा आवाज येतो, उघडल्याचा येत नाही. दाराचेही तसेच आहे. आकसलेल्या किंवा गळक्या झडपेतून रक्त खळखळत गेले म्हणजे ठोक्यांच्या मधल्या शांततेत एक जादा आवाज येतो. त्याला डॉक्टर 'मर्मर' म्हणतात. दीडशे वर्षे या मर्मरावर वैद्यांनी एवढी बारकाईने मेहनत केली की, एखाद्या गवयाने श्रुतींवर करावी. पण कानाची एक मर्यादा आहे. झडप बिघडली आहे हे कान सांगतो. किती बिघडली आहे हे तो खात्रीने सांगू शकत नाही. उलट झडप फार आकसली आणि हृदय थकले, तर रक्ताचा ओघच मंदावतो आणि मर्मर कमी होतो. रोग वाढतो आणि आवाज कमी होतो, असा तो उलटा न्याय आहे.

जोवर झडपेवर इलाजच नव्हता, तोवर 'किती' या प्रश्नाला फारसा अर्थ नव्हता. १९२५ साली लंडनमध्ये सौटर या शल्यविशारदाने एका मुलीच्या हृदयात बोट घालून मायट्रल झडप चाचपली व मोकळी केली. पण तो मार्ग पुढे वीसएक वर्षे ओसच राहिला. १९४८ साली अमेरिकेत बेली आणि हार्केन यांनी, आणि त्याच वर्षी इंग्लंडात ब्रॉक यांनी तो पुन्हा उघडला. चालत्या हृदयाच्या वरच्या कप्प्याला छिद्र पाडायचे, बोट आत सारायचे, आणि चिकटलेली पाती सोडवायची. डोळ्यांनी काहीच दिसायचे नाही, सगळे बोटाच्या स्पर्शावर. आपल्याकडे वेल्लोर आणि मुंबई येथे १९५०च्या दशकात ही शस्त्रक्रिया सुरू झाली आणि हजारो तरुण रोग्यांना तिने आयुष्य दिले. मात्र तिच्यात एक मेख होती. झडप आकसलेली असेल तर बोटाने लाभ. पण ती मुख्यतः गळत असेल तर तीच क्रिया गळती वाढवून रोग्याला संकटात लोटणार. म्हणजे सुरी उचलण्यापूर्वी आकसणे किती आणि गळणे किती, हे कळलेच पाहिजे. क्ष-किरणांच्या छायाचित्रात वरचा कप्पा फुगलेला दिसे. तो दोन्ही दुखण्यांत फुगतो. मग रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नळी घालून दाब मोजायचे. जर्मनीत १९२९ साली फोर्समन नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून अशी नळी हृदयापर्यंत सरकवली आणि नळीसह चालत क्ष-किरणांच्या खोलीत जाऊन फोटो काढून घेतला. वरिष्ठांनी त्याचे कौतुक केले नाही. नोबेल पारितोषिक मात्र १९५६ साली मिळाले, तेही दोघा अमेरिकनांबरोबर वाटून. या नळीच्या आकड्यांवरून झडपेचे तोंड किती चौरस सेंटिमीटर उरले, हे काढण्याचे सूत्र १९५१ साली गॉर्लिन नावाच्या डॉक्टरने आपल्या इंजिनिअर वडिलांच्या मदतीने बसवले. पाण्याच्या शास्त्रातले गणित, ते मुलाने हृदयाला लावले. बापलेकांनी मिळून काढलेल्या शोधांत हा शोध मला फार गोड वाटतो.

पण नळी म्हणजे इजा, धोका आणि खर्च. प्रत्येक रोग्याला ती वरचेवर कशी घालणार?

स्वीडनमध्ये लुंड नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तेथील रुग्णालयात इंगे एडलर या डॉक्टरांपुढे हाच पेच होता: हा रोगी शल्यविशारदाकडे पाठवू की नको? त्यांनी हेल्मुट हर्ट्झ या तरुण पदार्थवैज्ञानिकाला विचारले की, युद्धात विमाने हुडकायला रडार वापरले, तसे काही हृदयाला चालेल का? हर्ट्झ यांच्या घराण्याचेच लहरींशी नाते होते. रेडिओलहरी प्रथम दाखवणारे हाइनरिख हर्ट्झ हे त्यांच्या वडिलांचे चुलते, आणि वडील गुस्ताव्ह हर्ट्झ हे स्वतः १९२५ सालचे नोबेल पारितोषिक मिळालेले. त्यांनी सांगितले, रडार नको, ध्वनी घ्या. माणसाला ऐकू न येणारा ध्वनी. जवळच्या माल्मो बंदरात जहाजाच्या पोलादातल्या भेगा शोधायला असा ध्वनी वापरत. पोलादावर ध्वनी सोडला की भेगेवरून तो परत येतो. भेग नसेल तर पलीकडच्या कडेवरून. हर्ट्झ तेथे गेले आणि त्यांनी ते यंत्र स्वतःच्याच छातीला लावून पाहिले. पडद्यावर एक ठिपका हृदयाच्या ठोक्याबरोबर मागेपुढे हलत होता. मग सीमेन्स कंपनीकडून एक यंत्र उसने मिळाले, आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी त्या दोघांनी हलत्या हृदयाच्या प्रतिध्वनींचा आलेख पहिल्याने कागदावर उतरवला.

या गोष्टीतला पुढचा भाग मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. आलेखात एक रेघ फार वेगाने वरखाली होताना दिसे, आणि मायट्रल झडप आकसलेल्या रोग्यांत तिचा उतार मंद होई. उपयोग तर लगेच कळला, पण अर्थ चुकीचा लावला गेला. ही रेघ वरच्या कप्प्याच्या मागच्या भिंतीची, असे त्यांना वाटत होते. पुढे काही वर्षांनी, मृत रोग्यांच्या शवविच्छेदनात ध्वनीच्या वाटेवर नेमके काय येते ते ताडून पाहिल्यावर कळले की, ती भिंत नव्हे, ती मायट्रल झडपेची पुढची पातीच! म्हणजे माणसाने जिवंत झडप हलताना पाहिली होती, आणि आपण काय पाहतो आहोत हे त्याला ठाऊक नव्हते. चित्र आधी मिळते, डोळा नंतर तयार होतो. आजही नवे यंत्र आले की हेच घडते.

आता या ध्वनीची जात पाहू. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. इकोच्या यंत्रात वीस ते चाळीस लाख कंपनांचा ध्वनी असतो. तो शरीराच्या मऊ भागांतून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. छातीत पंधरा सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला त्याला एका सेकंदाचा पाच हजारावा हिस्सा लागतो. म्हणून एका सेकंदात हजारो वेळा 'हाक' मारून 'ओ' ऐकता येते, आणि १९७०च्या दशकात या हाका पंख्यासारख्या पसरून हलते चित्र उभे करण्याची युक्ती साधली. टू-डी म्हणजे एवढेच: एका रेघेऐवजी हृदयाचा एक काप. या ध्वनीला हवेचे मात्र वावडे आहे. हवा लागली की तो तेथूनच परततो. म्हणूनच छातीवर तो थंड, बुळबुळीत जेल लावतात, यंत्र आणि कातडी यांत हवा राहू नये म्हणून. म्हणूनच डाव्या कुशीवर वळायला सांगतात, म्हणजे हृदय बरगड्यांजवळ येते आणि फुफ्फुस बाजूला सरते. दोन बरगड्यांमधली ही छोटी खिडकी काहींच्या बाबतीत स्वच्छ असते, काहींची धूसर. वर्षानुवर्षे विड्या ओढून फुफ्फुसे फुगलेल्या माणसाची खिडकी जवळजवळ बंदच असते. तेव्हा अन्ननलिकेतून नळी घालून मागून पाहावे लागते. हृदय अन्ननलिकेला लागूनच आहे, मध्ये फुफ्फुस नाही. नळी गिळणे सुखाचे नसते, पण चित्र इतके स्पष्ट येते की, झडपेच्या पात्यावरचा बारीक तुकडासुद्धा दिसतो.

चित्राने झडपेचा आकार कळला. संधिवाताच्या तापाने आकसलेली मायट्रल झडप उघडताना हॉकीच्या काठीसारखी वाकते आणि समोरून पाहिली तर माशाच्या तोंडासारखी दिसते. ते तोंड पडद्यावर रेघ ओढून मोजताही येते. दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी भरले तर आकसणे तीव्र समजतात. पण दाबाचे काय? दाब काही दिसत नाही. येथे एक जुना शोध कामाला आला. आगगाडी शिटी वाजवत फलाटाकडे येते तेव्हा तिचा स्वर चढा, आणि पुढे निघून गेली की एकदम उतरतो, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. हे तत्त्व १८४२ साली प्राग येथे ख्रिस्टियन डॉप्लर यांनी मांडले, ते ताऱ्यांच्या संदर्भात. आणि तीन वर्षांनी हॉलंडमध्ये चक्क आगगाडीच्या डब्यात तुताऱ्या वाजवणारे बसवून ते तपासून पाहिले. रक्तातल्या तांबड्या पेशींवरून परतणारा ध्वनी असाच चढतो-उतरतो. १९५०च्या दशकात ओसाका येथे सातोमुरा यांनी हृदयावर हा प्रयोग केला. आणि १९७०च्या दशकात नॉर्वेत होलेन आणि लिव्ह हॅटले यांनी त्यातून दाब काढून दाखवला.

युक्ती सोपी आहे. बागेतल्या नळीच्या तोंडावर बोट दाबले की पाणी वेगाने उडते. तोंड जितके अरुंद तितका वेग जास्त. रक्ताचा वेग मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला चाराने गुणा. झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये निघतो. वेग दोन मीटर तर फरक सोळा. वेग चार मीटर तर चौसष्ट. महारोहिणीच्या झडपेवर सेकंदाला चार मीटर किंवा अधिक वेग, ठोकाभराची सरासरी काढता चाळीस किंवा अधिक दाबाचा फरक, आणि एक चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी तोंड, ही तीव्र आकसण्याची खूण. इस्पितळांत रोज हेच तीन आकडे पाहिले जातात. ज्या मापासाठी पूर्वी हृदयात नळी घालावी लागे, ते आता छातीवर जेल लावून मिळते. आणि नळीचा धोका काल्पनिक नव्हता. जर्मनीत बॉन येथे आकसलेल्या महारोहिणीच्या झडपेतून नळी पार केलेल्या एकशे एक रोग्यांच्या मेंदूचे एमआरआय काढले. बावीस जणांच्या मेंदूत गुठळीने झालेल्या ताज्या इजा सापडल्या आणि तिघांना प्रत्यक्ष विकलता आली. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून केवळ मापासाठी नळी घालण्यापूर्वी डॉक्टर दोनदा विचार करतात, आणि करावाच.

मग सगळे साधले का? नाही, आणि हे ऐकणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवावे. डॉप्लरचा ध्वनी रक्ताच्या धारेच्या सरळ रेषेत पाठवला तरच वेग खरा येतो. धारेशी साठ अंशांचा कोन झाला, तर वेग निम्मा दिसेल. आणि वर्ग केल्यामुळे दाब एक चतुर्थांश. चौसष्टचे सोळा! म्हणजे तीव्र रोग सौम्य म्हणून घरी जाईल. कोन चुकला तर आकडा नेहमी कमीच येतो, जास्त येत नाही. म्हणून चांगला तपासनीस एका खिडकीवर समाधान मानत नाही. तो छातीच्या उजव्या कडेवरून, गळ्याच्या खळगीतूनही धार शोधतो. यात वेळ जातो. पाच मिनिटांत एक रोगी उरकणाऱ्या केंद्रात तो वेळ कोठून येणार? यंत्र किती लाखांचे आहे हे लोक विचारतात. तपासणीला किती मिनिटे देतात, हे विचारत नाहीत. माझ्या मते दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

तसेच तोंडाच्या मापाचे. झडपेच्या खालच्या मार्गाचा व्यास मोजून त्याचे क्षेत्रफळ काढतात आणि त्यावरून झडपेच्या तोंडाचे. व्यास दोन सेंटिमीटरऐवजी चुकून एक पूर्णांक आठ दशांश धरला, म्हणजे फक्त दोन मिलिमीटरचा फरक पडला, तर क्षेत्रफळ जवळजवळ एकपंचमांशाने कमी भरते. दोन केंद्रांच्या दोन अहवालांत आकडे जुळले नाहीत की रोग्याचे नातेवाईक म्हणतात, 'एक डॉक्टर खोटा.' खोटा कुणी नसतो. दोन मिलिमीटरचा प्रश्न असतो.

आणखी एक फसवी परिस्थिती आहे. वृद्धाचे हृदय थकलेले. झडप चुन्याने घट्ट झालेली. पण हृदय रक्त जोराने ढकलूच शकत नाही, म्हणून वेग कमी, दाबातला फरकही कमी. कागदावर रोग मध्यम दिसतो. अशा वेळी औषधाने हृदयाला थोडी चालना देऊन पुन्हा मोजतात, किंवा सी.टी. स्कॅन काढून झडपेवर साचलेल्या चुन्याचाच हिशेब करतात. तो हिशेब पुरुषात दोन हजारांच्या आणि स्त्रीत बाराशेंच्या वर गेला, तर झडप तीव्र आकसलेली असण्याचा संभव दाट. स्त्रीपुरुषांत हा फरक का, तर स्त्रियांची झडप थोड्या चुन्यानेही आकसते. तिच्यात तंतूंचा भाग अधिक असतो.

गळतीचे माप तर याहून अवघड. १९८०च्या दशकात जपानी संशोधकांनी डॉप्लरला रंग दिले: यंत्राकडे येणारे रक्त तांबडे, दूर जाणारे निळे, खळबळीचे ठिकाण चित्रविचित्र. तो रंगीत फवारा पाहून सामान्य माणूसच काय, नवा डॉक्टरही भारावून जातो. पण फवारा मोठा दिसला म्हणजे गळती मोठी, असे समीकरण नाही. यंत्राची बटणे फिरवली तर फवारा लहानमोठा होतो. रक्तदाब चढला तर मोठा होतो. भूल दिली की लहान होतो. भिंतीला घसटून जाणारा फवारा असतो त्याहून लहान दिसतो. म्हणून गळतीसाठी एकाच खुणेवर न जाता हृदयाचा कप्पा किती ताणला आहे, रक्त उलट किती जाते, हे सगळे जमेस धरावे लागते. शंका उरली तर एमआरआयने कप्प्याचे आकारमान आणि रक्ताचा ओघ मोजता येतो. त्यात ना खिडकीचा प्रश्न, ना क्ष-किरणांचा.

येथे कपाटातल्या त्या कागदाकडे एकदा वळतो. त्यावर 'ई.एफ. ६० टक्के' असे लिहिलेले असते. कितीतरी माणसे हे वाचून खचतात, की माझे हृदय साठ टक्केच चालते, चाळीस टक्के गेले! असे नाही. प्रत्येक ठोक्याला कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी साठ टक्के बाहेर टाकले जाते, हा त्याचा अर्थ. आणि तेच निरोगी हृदयाचे लक्षण आहे. शंभर टक्के कुणाचेच नसते. तसेच 'ट्रिव्हिअल टी.आर.' हा शब्द. उजव्या बाजूच्या झडपेतून किंचित गळती. ती बहुतेक धडधाकट माणसांत यंत्राला दिसते. तिला रोग म्हणू नये. या दोन शब्दांनी महाराष्ट्रात किती माणसांची झोप उडवली असेल, देव जाणे. अहवाल लिहिणाऱ्यांनी शेवटी दोन ओळी मराठीत लिहिल्या तर काय बिघडेल?

आता ज्यासाठी हा सारा खटाटोप त्याकडे येतो. चित्र चांगले मिळाले म्हणजे इलाज बदलतो. जपानमध्ये कान्जी इनोऊए यांनी १९८०च्या दशकात मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन मायट्रल झडप मोकळी करण्याची रीत काढली; बोटाचे काम फुगा करू लागला. पण कोणत्या झडपेला फुगा लागू पडेल? १९८८ साली बॉस्टनच्या विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इकोवरूनच परीक्षा ठरवली: पात्यांची हालचाल, त्यांची जाडी, दोऱ्यांची अवस्था, चुना, प्रत्येकास एक ते चार गुण. बेरीज आठ किंवा कमी, तर फुग्याने यश मिळण्याची आशा चांगली. ही एकच परीक्षा, जिच्यात कमी गुण मिळालेला उत्तम ठरतो. वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी नाही ना, हेही अन्ननलिकेतून आधी पाहून घेतात, नाहीतर फुग्याबरोबर ती मेंदूत जायची. फ्रान्समध्ये रूआँ येथे आलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी छाती न उघडता नळीतून नवी महारोहिणी-झडप बसवली. त्या झडपेचे माप आज सी.टी. स्कॅनवरून आधीच ठरते, आणि मांडीतल्या रोहिणीतून वाट मिळेल का हेही. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली कृत्रिम झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रोग्यात बसवली गेली. तिच्यासारख्या धातूच्या झडपांची गंमत अशी की, ध्वनी त्यांवर आपटून मागे सावली पडते. म्हणून त्यांची तपासणी करताना समोरून एकदा आणि अन्ननलिकेतून मागून एकदा पाहावे लागते.

पण या सभेतल्या माताभगिनींना सांगण्याची मुख्य गोष्ट वेगळी आहे. आपल्या देशात मायट्रल झडप आकसण्याचे कारण बहुधा लहानपणचा संधिवाताचा ताप. घसा धरतो, दोनतीन आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो, बरा होतो, घरचे विसरून जातात. झडप मात्र विसरत नाही. ती वर्षानुवर्षे हळूहळू जाडावते. मुलगी मोठी होते, लग्न होते, दिवस जातात. गरोदरपणात अंगातले रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते, नाडी जलद होते, दोन ठोक्यांमधला वेळ कमी होतो. अरुंद झडपेतून एवढे रक्त एवढ्या थोड्या वेळात उतरू शकत नाही आणि ते मागे फुफ्फुसांत तुंबते. सहाव्या-सातव्या महिन्यात तिला धाप लागते, रात्री उठून बसावेसे वाटते. घरात म्हणतात, पोट मोठे झाले की असे होतेच. कधीकधी होतेच, पण उशी उंच केल्यावाचून झोप येत नसेल, खोकल्यातून तांबूस फेस येत असेल, तर ते पोटामुळे नव्हे. इकोच्या ध्वनीत क्ष-किरण नसतात. तपासणी गर्भवतीला निःशंक करता येते. आणि दोष सापडला, औषधांनी भागेना, तर पोटावर शिशाचे आवरण घालून गरोदरपणातही फुग्याने झडप मोकळी करता येते. दहा-पंधरा मिनिटांच्या तपासणीअभावी आई आणि मूल दोघेही जावेत, असे आता कारण उरलेले नाही. तरी ती जातात.

मग मनात येते, इतके उशिरा का पाहायचे? मुले शाळेत असतानाच का पाहू नये? हा प्रश्न गेली काही वर्षे जगभर चर्चेत आहे. कंबोडिया आणि मोझांबिक येथील शाळकरी मुलांची पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. स्टेथॉस्कोपने हजारी दोन-तीन मुलांत दोष सापडला. इकोने कंबोडियात हजारी सुमारे एकवीस आणि मोझांबिकमध्ये तीस. दहापट! म्हणजे कानाला न ऐकू येणारा रोग डोळ्याला दिसत होता. पण दिसला म्हणून तो वाढणारच, असे कुठे आहे? पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षे घ्यायचे. ते दुखते, क्वचित धोकाही असतो. निष्कारण कुणाला टोचायचे? याचे उत्तर युगांडातून आले. ज्यांच्या झडपांत इकोला अगदी सुरुवातीचा दोष दिसला, अशी सुमारे आठशे मुले निवडून निम्म्यांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलिन दिले, निम्म्यांना दिले नाही. दोन वर्षांनी इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी तेहतीस मुलांचा दोष वाढला होता. घेतलेल्यांत फक्त तिघांचा. २०२१ साली हा निकाल जाहीर झाला. या निकालाची दुसरी बाजूही तितकीच खरी: इंजेक्शन न घेतलेल्या दर शंभरांपैकी नव्वदांहून अधिक मुलांचा दोष त्या दोन वर्षांत वाढला नाही, पुष्कळांचे चित्र तर आपोआप सुधारले. तेव्हा शाळेत यंत्र नेऊन 'तुझ्या हृदयात दोष आहे' असा शिक्का मारला, आणि मुलाचे खेळणे, मुलीचे लग्न त्यावर अडले, तर आपण उपकार केला की अपकार? मला विचाराल तर पाहावे. पण पाहणाऱ्याने पालकांशी बोलायलाही तेवढाच वेळ राखून ठेवावा, आणि इंजेक्शनाची वही गावातल्या आरोग्य केंद्रात पाच-दहा वर्षे नीट चालेल अशी सोय आधी करावी. वही नसेल तर यंत्र नेऊ नये.

हे काम डॉक्टरांनीच केले पाहिजे असेही नाही. हातात मावणारी इकोची यंत्रे निघाली आहेत, आणि थोड्या आठवड्यांच्या शिक्षणाने परिचारिका पहिली चाळणी नीट लावू शकतात, हे फिजी आणि युगांडा येथे दिसून आले आहे. आपल्याकडे एक जादा अडचण आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम कायदा केला, मग १९९४ साली केंद्राचा कायदा आला. ध्वनीची प्रतिमा काढणारे यंत्र, मग ते हृदयासाठी का असेना, नोंदवल्यावाचून वापरता येत नाही आणि गावोगाव मनास येईल तसे फिरवता येत नाही. कायद्याचे कारण आपल्या समाजाच्या पापात आहे, म्हणून मी त्याच्याविरुद्ध बोलणार नाही. परंतु एका मुलीला जन्मू न देण्यासाठी जे यंत्र वापरले गेले, त्याच जातीचे यंत्र दुसऱ्या मुलीच्या शाळेपर्यंत पोचायला त्यामुळे उशीर होतो, ही गोष्ट मनाला लागते. जिल्हा परिषदेच्या शाळांची आरोग्य तपासणी दरवर्षी होतच असते. त्यात रीतसर परवानगी काढून एखाद्या तालुक्यापासून सुरुवात करणे अशक्य नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. ज्यांनी घरचे अहवाल बरोबर आणले आहेत असे मला काहींनी आधीच सांगितले, त्यांनी कृपा करून थोडे थांबावे; मंडपाच्या मागच्या बाजूला उजेड चांगला आहे, तेथे बसून आपण ते वाचू.